इंग्रजी क्रियापदाचा वरचा टप्पा: मराठी हाताशी धरून करायचा पदवीचा अभ्यास

दर जूनमध्ये दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या तासाला मी फळ्यावर एक वाक्य लिहितो: ‘मी कालच फॉर्म भरलाय.’ याचं इंग्रजी करा म्हटलं, की निम्म्याहून जास्त वह्यांत ‘आय हॅव फिल्ड इन द फॉर्म यस्टरडे’ असं उमटतं. हीच मुलं बारा काळांचा तक्ता झोपेतून उठवलं तरी घडाघडा म्हणतील. ‘हॅव’नंतर क्रियापदाचं तिसरं रूप येतं हे त्यांना माहीत आहे, आणि वाक्यात ते बरोबर आलंही आहे. चुकली आहे ती निवड. इंग्रजीत ‘काल’ म्हटलं की ‘हॅव’ चालत नाही. मराठीत मात्र ‘काल’ आणि ‘भरलाय’ एका वाक्यात सुखाने नांदतात.

पदवीच्या पातळीवरचं इंग्रजी व्याकरण म्हणजे मुख्यतः ही निवड. रूपं शाळेत होऊन गेलेली असतात. कोणतं रूप कधी, आणि ते घेतल्यावर अर्थ कुठे सरकतो, हे शिकायचं राहिलेलं असतं. ते शिकायला आपल्याकडे एक फार चांगलं साधन आहे, आपली स्वतःची मराठी. मी पाचवीत पहिल्यांदा एबीसीडी गिरवली, कारण मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून सुरू झालं ते २००० साली. कॉलेजात आम्हाला सांगितलं जायचं, ‘मराठीत विचार करू नका.’ त्या सल्ल्याने माझी काही वर्षं वाया गेली असं मला आज ठामपणे वाटतं. मराठीतला विचार थांबवता येत नाही. तो उघड्यावर आणून, कुठे जुळतो आणि कुठे फसवतो हे तपासता मात्र येतं. या लेखात तेच करायचं आहे.

इंग्रजी वाक्यं इथे देवनागरीत दिली आहेत. वाचताना ती वहीत रोमन लिपीत उतरवत जा, तेवढाच हात बसेल.

आपण कुठे उभे आहोत

युरोप परिषदेने २००१ मध्ये भाषांच्या पातळ्यांची एक चौकट प्रसिद्ध केली: ए वन, ए टू, बी वन, बी टू, सी वन, सी टू. ‘अप्पर इंटरमिजिएट’ म्हणतात ती यातली चौथी, बी टू. परदेशी विद्यापीठांच्या प्रवेशअटींमध्ये हे नाव अनेकदा दिसतं. आपल्या विषयातला गुंतागुंतीचा मजकूर समजणं, आपलं मत कारणांसह मांडणं आणि समोरच्याला फारसा त्रास न देता बोलणं, ही या पातळीची ढोबळ ओळख.

वेळ किती लागतो? केंब्रिजच्या परीक्षा विभागाच्या अंदाजाने शून्यापासून बी वनपर्यंत ३५० ते ४०० तासांचं मार्गदर्शित शिक्षण लागतं आणि बी टूपर्यंत ५०० ते ६००. म्हणजे बी वनवरून वर चढायला दीडशे-दोनशे तास. रोज एक तास दिला तर दोन सत्रांत हे नीट बसतं. परीक्षेआधीच्या पंधरा रात्रींत बसत नाही.

पहिला आठवडा: चार परिच्छेद आणि लाल पेन

पुस्तक उघडायच्या आधी स्वतःच्या चुका गोळा करा. एका बैठकीत, शब्दकोश न बघता, प्रत्येकी शंभर-सव्वाशे शब्दांचे चार परिच्छेद लिहा. पहिला, गेल्या वर्षभरात तुमच्या घरात किंवा गावात काय काय बदललं. दुसरा, अकरावीत दुसरी शाखा घेतली असती तर काय झालं असतं. तिसरा, मित्राशी फोनवर झालेलं बोलणं तिसऱ्या माणसाला सांगताय असा. चौथा, आज वर्गात न आलेल्या मैत्रिणीचं काय झालं असेल याचे अंदाज. विषय मुद्दाम असे निवडले आहेत, कारण या चारांत क्रियापदाच्या बहुतेक अवघड जागा आपोआप येतात.

मग लाल पेनाने फक्त क्रियापदं अधोरेखित करा. ‘हॅड बीन वेटिंग’सारखा गट असेल तर अख्खा गट. स्पेलिंग, ‘अ’ आणि ‘द’ यांकडे आत्ता बघू नका. प्रत्येक गटाच्या वर, तो लिहिताना मनात आलेलं मराठी क्रियापद लिहा: ‘गेलो होतो’, ‘असेल’, ‘करून घेतलं’. पान शिक्षकांकडून किंवा इंग्रजी चांगलं असलेल्या एखाद्या सीनियरकडून तपासून घ्या. चुकलेल्या प्रत्येक गटाला एक खूण द्या. काळ चुकला तर ‘का’, अंदाज-शक्यता चुकली तर ‘अं’, जर-तर चुकलं तर ‘ज’, क्रियापदापुढची जोडणी चुकली तर ‘जो’, रूपच चुकलं तर ‘रू’. खुणा मोजा. सगळ्या खुणा सारख्या येत नाहीत, एकदोन खुणांचीच गर्दी होते. जिची गर्दी जास्त, तिथून अभ्यास सुरू करायचा. हे परिच्छेद दुरुस्त करू नका, तारीख घालून तसेच ठेवा. शेवटच्या आठवड्यात लागणार आहेत.

‘भरलाय’, ‘गेलो होतो’ आणि ‘पासून’

माझ्या अनुभवात ‘का’ची खूण सगळ्यांत जास्त येते, आणि ती तीन ठिकाणांहून येते.

पहिलं ठिकाण वर पाहिलं. मराठीत ‘-लं आहे’ म्हणजे काम झालंय आणि त्याचा परिणाम आत्ता हाताशी आहे. इंग्रजीतलं ‘हॅव डन’ही तेच सांगतं, म्हणून दोन्ही एकच वाटतात. फरक एवढाच, की इंग्रजीचं हे रूप संपून गेलेल्या ठरावीक वेळेशी बसत नाही. काल, गेल्या सोमवारी, २०१९ मध्ये, दोन तासांपूर्वी, यांपैकी काहीही आलं की साधा भूतकाळ: ‘आय फिल्ड इन द फॉर्म यस्टरडे.’ वेळ सांगितलीच नाही, किंवा ती अजून संपलेली नाही (आज, या आठवड्यात, आजवर), तर ‘आय हॅव फिल्ड इन द फॉर्म.’ वाक्यात ‘कधी?’चं उत्तर आहे का, एवढाच प्रश्न विचारा.

एका बाबतीत मराठी इथे उलट मदतच करते. ‘तो मुंबईला गेलाय’ म्हणजे तो आत्ता इथे नाही: ‘ही हॅज गॉन टू मुंबई.’ ‘तो मुंबईला जाऊन आलाय’ म्हणजे परतला: ‘ही हॅज बीन टू मुंबई.’ ‘गॉन’ आणि ‘बीन’ यांवर पानभर स्पष्टीकरण वाचण्यापेक्षा ‘जाऊन आलाय’ लक्षात ठेवणं सोपं. आणखी एक, ‘मी आत्ताच जेवलो’ याला ब्रिटिश वळणात ‘आय हॅव जस्ट ईटन’ म्हणतात, अमेरिकन माणूस बेधडक ‘आय जस्ट एट’ म्हणेल. दोन्ही बरोबर. उत्तरपत्रिकेत कोणतंही एक वळण धरून लिहा.

दुसरं ठिकाण ‘-लं होतं’. ‘मी पोचलो तेव्हा गाडी सुटली होती’ याचं ‘द ट्रेन हॅड लेफ्ट’ अगदी बरोबर. पण ‘गेल्या वर्षी आम्ही गोव्याला गेलो होतो’ असंही आपण म्हणतो. इथे आधी-नंतर अशा दोन घटना नाहीत. गोष्ट जुनी आहे, त्यानंतर आम्ही परत आलो, एवढंच ‘होतो’ सांगतं. इंग्रजीत त्यासाठी ‘हॅड’ लागत नाही: ‘वी वेंट टू गोवा लास्ट इयर.’ ‘वी हॅड गॉन’ असं लिहिलं की वाचणारा दुसऱ्या घटनेची वाट बघत बसतो. म्हणून ‘होता-होती-होतं’ मनात आलं की मागेपुढे दुसरी घटना शोधा. सापडली तर ‘हॅड’, नाही तर साधा भूतकाळ.

तिसरं ठिकाण ‘पासून’. ‘मी तीन वर्षांपासून पुण्यात राहतोय.’ इथे मराठीला वर्तमानकाळ पुरतो, म्हणून ‘आय अ‍ॅम लिव्हिंग इन पुणे सिन्स थ्री इयर्स’ तयार होतं. इंग्रजीला सुरुवातीपासून आत्तापर्यंतचा पूल बांधावा लागतो: ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर थ्री इयर्स.’ आपलं एकटं ‘पासून’ दोन कामं करतं. त्याआधी कालावधी असेल (तीन वर्षं, दोन तास) तर ‘फॉर’, सुरुवातीचा बिंदू असेल (२०२२, दिवाळी, सकाळ) तर ‘सिन्स’.

जुन्या सवयींसाठी आपल्याकडे खास रूप आहे: ‘लहानपणी आम्ही नदीवर पोहायला जायचो.’ पुस्तकी मराठीत ‘जात असू’. हा व्याकरणातला रीती भूतकाळ. ‘वी यूज्ड टू गो’ किंवा ‘वी वुड गो’ म्हणजे तेच. मात्र ‘वुड’ फक्त पुन्हा पुन्हा केलेल्या कृतीला लागतं, स्थितीला नाही. ‘आमच्याकडे एक गाय असायची’ याला ‘वी यूज्ड टू हॅव अ काऊ’च म्हणावं लागतं. आणि ‘मला पहाटे उठायची सवय आहे’ हे तिसरंच प्रकरण: ‘आय अ‍ॅम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली.’ इथे ‘टू’नंतर ‘-इंग’ येतं.

‘मी’ की ‘मला’

‘आय अ‍ॅम नोइंग’, ‘आय अ‍ॅम नॉट अंडरस्टँडिंग’, ‘शी इज हॅविंग टू ब्रदर्स’ या चुकांसाठी पुस्तकं स्थितिदर्शक क्रियापदांची लांबलचक यादी देतात. ती पाठ करायची गरज मला वाटत नाही. मराठी वाक्याच्या सुरुवातीला काय आहे ते बघा. मला कळतं, मला आवडतं, मला वाटतं, मला हवंय, मला दिसतंय, मला आठवतंय, माझ्याकडे आहे. माणूस इथे कर्ता म्हणून काही करत नाही, त्याच्या बाबतीत काही घडतं किंवा असतं. इंग्रजीत अशा ठिकाणी बहुधा ‘-इंग’ लागत नाही, मराठीत ‘-तंय’ असलं तरी.

गंमत पुढे आहे. एकच इंग्रजी क्रियापद कधी ‘-इंग’ घेतं आणि कधी नाही, हेही याच खुणेने उलगडतं. ‘मला वाटतं’ म्हणजे ‘आय थिंक’, ‘मी विचार करतेय’ म्हणजे ‘आय अ‍ॅम थिंकिंग’. ‘मला दिसतंय’ म्हणजे ‘आय सी’ किंवा ‘आय कॅन सी’, ‘मी उद्या डॉक्टरांना भेटतेय’ म्हणजे ‘आय अ‍ॅम सीइंग द डॉक्टर टुमॉरो’. ‘आमटी आंबट लागतेय’ म्हणजे ‘इट टेस्ट्स सावर’, ‘मी आमटीची चव बघतेय’ म्हणजे ‘आय अ‍ॅम टेस्टिंग इट’. ‘माझ्याकडे गाडी आहे’ म्हणजे ‘आय हॅव अ कार’, ‘मी जेवतेय’ म्हणजे ‘आय अ‍ॅम हॅविंग लंच’. ‘मला’चं ‘मी’ झालं की ‘-इंग’चा रस्ता मोकळा. या खुणेला अपवाद आहेत. ‘मी त्याला ओळखतो’ इथे ‘मी’ आहे, तरीही ‘आय नो हिम’च. पण यादीपेक्षा ही खूण हातात लवकर बसते.

भविष्यकाळ थोडक्यात उरकतो, कारण तो बराच जुळतो. ‘उद्या मुंबईला जातोय’ (तिकीट काढलंय) म्हणजे ‘आय अ‍ॅम गोइंग’. ‘जाणार आहे’ (ठरवलंय) म्हणजे ‘आय अ‍ॅम गोइंग टू गो’. ‘जाईन’ म्हणजे ‘आय विल गो’. खड्डा एकाच ठिकाणी आहे. दार वाजतं आणि आपण म्हणतो, ‘थांब, मी उघडतो.’ त्या क्षणी घेतलेल्या निर्णयाला मराठीत वर्तमानकाळ चालतो, इंग्रजीत ‘आय विल ओपन इट’ लागतं.

असेल, असावा, असता

बी टूचा खरा गाभा माझ्या मते हा आहे, आणि मराठी मुलांनी इथे घाबरायचं काहीच कारण नाही. आपली भाषा या बाबतीत श्रीमंत आहे. एकच माणूस आणि एकच ‘पोचणं’ घेऊ.

‘तो पोचला असेल’: खात्रीचा अंदाज, ‘ही मस्ट हॅव रीच्ड’ किंवा ‘ही विल हॅव रीच्ड’. ‘पोचला असावा’: थोडी कमी खात्री, ‘ही हॅज प्रॉबब्ली रीच्ड’. ‘पोचला असेलही’: झालं असेल, नसेल, ‘ही मे हॅव रीच्ड’ किंवा ‘माइट हॅव’. ‘पोचला असता’: पोचला नाही, ‘ही वुड हॅव रीच्ड’. ‘पोचू शकला असता’: जमण्यासारखं होतं, झालं नाही, ‘ही कुड हॅव रीच्ड’. ‘पोचायला हवा होता’: अपेक्षा होती, ‘ही शुड हॅव रीच्ड’. आणि ‘मी उगाच गेलो’ यातलं ‘उगाच’ म्हणजे ‘आय नीडन्ट हॅव गॉन’.

ही सात वाक्यं वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि आठवडाभर रोज वेगळं क्रियापद घालून म्हणा: विसरणं, जिंकणं, सांगणं. नकारात एक सापळा आहे. ‘मस्ट हॅव’चा नकार ‘मस्टन्ट हॅव’ होईल असं वाटतं, पण ‘तो पोचला नसेल’ याला प्रचलित इंग्रजी ‘ही कान्ट हॅव रीच्ड’ असं आहे. ‘मस्टन्ट’ म्हणजे मनाई.

आता जर-तर. ‘पाऊस आला तर मी येणार नाही.’ पाऊस उद्याचा, तरी क्रियापद ‘आला’, म्हणजे मराठी इथे भूतकाळाचं रूप वापरते. इंग्रजी वर्तमानाचं वापरते: ‘इफ इट रेन्स, आय वोन्ट कम.’ भविष्याबद्दलच्या अशा अटीत ‘इफ’च्या बाजूला ‘विल’ घालायचं नाही.

खरी अडचण असते ती ‘असता’मध्ये. हे वाक्य बघा: ‘माझ्याकडे पैसे असते तर मी ते घर घेतलं असतं.’ बोलणारा आजच्या कडकीबद्दल बोलतोय, की दहा वर्षांपूर्वी हातची गेलेली संधी सांगतोय? नुसत्या वाक्यावरून मराठीत कळत नाही, ऐकणारा संदर्भावरून समजून घेतो. इंग्रजी ही मुभा देत नाही. आज असेल तर ‘इफ आय हॅड द मनी, आय वुड बाय द हाऊस.’ तेव्हाचं असेल तर ‘इफ आय हॅड हॅड द मनी, आय वुड हॅव बॉट द हाऊस.’

म्हणून माझ्या वर्गातला नियम असा आहे: ‘असता’चं भाषांतर करण्याआधी मराठी वाक्याच्या दोन्ही भागांत ‘आत्ता’ किंवा ‘तेव्हा’ घाला. दोन्हीकडे ‘आत्ता’ आलं तर दुसरा प्रकार (वरचं ‘वुड बाय’चं वाक्य), दोन्हीकडे ‘तेव्हा’ आलं तर तिसरा (‘वुड हॅव बॉट’चं). एकीकडे एक आणि दुसरीकडे दुसरं आलं तर मिश्र प्रकार, तोही अवघड नाही. ‘तेव्हा अभ्यास केला असता तर आत्ता नोकरी असती’: ‘इफ आय हॅड स्टडीड देन, आय वुड हॅव अ जॉब नाऊ.’ हे दोन छोटे शब्द पेन्सिलने लिहायची सवय लागली, की झीरो-फर्स्ट-सेकंड-थर्ड ही नावं विसरलात तरी बिघडत नाही.

क्रियापदाचे शेजारी

‘एक्सप्लेन मी’, ‘डिस्कस अबाऊट’, ‘ही सजेस्टेड मी टू गो’, ‘मॅरीड विथ’. इथे काळ चुकलेला नाही, क्रियापदाला कोणता शेजारी चालतो ते चुकलंय. प्रत्येक चुकीमागे मराठी उभी आहे: मला समजाव, त्याबद्दल चर्चा, त्याच्याशी लग्न. बरोबर रूपं अशी: ‘एक्सप्लेन इट टू मी’, ‘डिस्कस द प्लॅन’, ‘ही सजेस्टेड दॅट आय गो’ किंवा ‘ही सजेस्टेड गोइंग’, ‘मॅरीड टू’.

इथे नियम फार नाहीत, शब्दकोश हाच गुरू. पण तो शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश हवा. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवत होते. परक्या विद्यार्थ्याला शब्दाचा अर्थ कळला तरी वाक्यात तो कसा बसवायचा हे कळत नाही, हे त्यांनी वर्गात पाहिलं. क्रियापदांचे साचे दाखवणारा त्यांचा शब्दकोश १९४२ मध्ये टोकियोत निघाला, आणि पुढे ऑक्सफर्डने तो जगभर नेला. अशा कोशात क्रियापदाखाली पुढे काय येतं ते लहान अक्षरांत दिलेलं असतं. आपली मुलं अर्थ बघून पान उलटतात. नवं क्रियापद वहीत एकटं कधीच लिहू नका, शेजाऱ्यासकट लिहा: ‘इन्सिस्ट ऑन डूइंग’, ‘मॅनेज टू डू’, ‘प्रिव्हेंट समवन फ्रॉम डूइंग’.

काही क्रियापदांना ‘टू’ आणि ‘-इंग’ दोन्ही चालतात आणि अर्थ बदलतो. तिथे मराठी प्रत्यय विलक्षण साथ देतात. ‘चहा प्यायला थांबलो’ म्हणजे ‘आय स्टॉप्ड टू ड्रिंक टी’, ‘चहा प्यायचा थांबलो’ म्हणजे ‘आय स्टॉप्ड ड्रिंकिंग टी’. ‘दार लावायचं लक्षात ठेवलं’ म्हणजे ‘रिमेंबर्ड टू लॉक’, ‘दार लावल्याचं आठवतंय’ म्हणजे ‘रिमेंबर लॉकिंग’. ‘उघडायचा प्रयत्न कर’ म्हणजे ‘ट्राय टू ओपन’, ‘उघडून बघ’ म्हणजे ‘ट्राय ओपनिंग’.

‘मी केस कापले’ याचं ‘आय कट माय हेअर’ केलंत तर तुम्ही स्वतःच कात्री चालवलीत असा अर्थ होतो. मनात ‘कापून घेतले’ आणा. ‘-ऊन घेणं’ म्हणजे दुसऱ्याकडून काम करवणं: ‘आय हॅड माय हेअर कट.’

रूपं: गाणं करा, जोड्या लावा

‘रू’ची खूण जास्त असेल त्यांच्यासाठी. अनियमित क्रियापदांची अकारविल्हे यादी पाठ करू नका, आवाजाने गट पाडा. ‘सिंग-सँग-संग, ड्रिंक-ड्रँक-ड्रंक, स्विम-स्वॅम-स्वम’ हा एक. ‘कीप-केप्ट, स्लीप-स्लेप्ट, वीप-वेप्ट’ दुसरा. ‘कट, पुट, शट’ हे न बदलणारे. इंग्रजीत सर्वाधिक वापरली जाणारी क्रियापदं, म्हणजे ‘बी, हॅव, डू, से, गो, गेट, मेक, नो’, सगळी अनियमित आहेत. रोजच्या वापरामुळेच ती जुनी रूपं टिकून राहिली.

‘लाय’ आणि ‘ले’, ‘राइझ’ आणि ‘रेझ’, ‘सिट’ आणि ‘सेट’ यांत भलेभले गडबडतात. पण मराठीत पडणं-पाडणं, मरणं-मारणं, तुटणं-तोडणं, सुटणं-सोडणं आहेच की. स्वर बदलला की आपोआप होणारी क्रिया कुणीतरी केलेली होते. इंग्रजीतल्या या जोड्या त्याच जातीच्या: ‘लाय’ म्हणजे पडून असणं आणि ‘ले’ म्हणजे ठेवणं, ‘राइझ’ म्हणजे वर येणं आणि ‘रेझ’ म्हणजे वर उचलणं. ‘फॉल’ म्हणजे पडणं आणि ‘फेल अ ट्री’ म्हणजे झाड पाडणं. ही जोडी तर पडणं-पाडणंशी तंतोतंत जुळते. गोंधळ वाढवतं ते एवढंच, की ‘लाय’चा भूतकाळ ‘ले’ असतो आणि ‘फॉल’चा ‘फेल’. म्हणून रूपं अशी म्हणा: ‘लाय-ले-लेन’, ‘ले-लेड-लेड’, ‘फॉल-फेल-फॉलन’, ‘फेल-फेल्ड-फेल्ड’.

राहिलेल्या दोन-तीन गोष्टी

दुसऱ्याचं बोलणं सांगताना मराठी मूळ शब्द बहुधा तसेच ठेवते: ‘ती म्हणाली, मी उद्या येते.’ इंग्रजीत सर्वनाम, काळ आणि दिवस तिन्ही हलतात: ‘शी सेड शी वुड कम द नेक्स्ट डे.’ ‘टेल’ला माणूस लागतो, ‘से’ला नाही: ‘शी टोल्ड मी दॅट’, पण ‘शी सेड दॅट’. कर्मणी रचना शास्त्र शाखेच्या मुलांना प्रयोगवहीत लागते (‘द सोल्यूशन वॉज हीटेड’), इतरांनी तिच्यावर फार वेळ घालवू नये.

फ्रेजल व्हर्ब्सना, म्हणजे क्रियापदाला एखादा लहान शब्द जोडून होणाऱ्या क्रियापदांना, मात्र वेळ द्या. त्यांची भीती वाटते, कारण ‘अप’, ‘ऑफ’, ‘आऊट’ मनमानी वाटतात. आपल्या संयुक्त क्रियापदांशेजारी ठेवून बघा. ‘खाऊन टाक’ म्हणजे ‘ईट इट अप’, ‘विकून टाकलं’ म्हणजे ‘सोल्ड इट ऑफ’, ‘फेकून दे’ म्हणजे ‘थ्रो इट अवे’, ‘लिहून घे’ म्हणजे ‘राइट इट डाऊन’, ‘वाचत राहा’ म्हणजे ‘रीड ऑन’. परक्या माणसाला ‘टाक’, ‘दे’, ‘घे’ यांतला फरक समजावताना आपल्याला जी ओढाताण होते, तीच इंग्रजांची ‘अप’-‘ऑफ’ समजावताना होते. सगळीच एकास एक जुळणार नाहीत, ‘गिव्ह अप’ किंवा ‘पुट अप विथ’ वेगळी शिकावी लागतात. ‘ईट अप’, ‘थ्रो अवे’सारख्यांत ‘इट’ मध्ये बसतो हेही पाहून ठेवा: ‘थ्रो अवे इट’ होत नाही.

कान आणि पुरावा

बोलण्यात ही क्रियापदं आखडतात. ‘आय्ड’ हे ‘आय हॅड’ही असतं आणि ‘आय वुड’ही. पुढे काय येतं ते ऐका: ‘आय्ड गॉन’ म्हणजे ‘हॅड’, ‘आय्ड गो’ म्हणजे ‘वुड’. ‘शुड हॅव’ कानाला ‘शुडव’ ऐकू येतं. लिहिताना त्याचं ‘शुड ऑफ’ करू नका. रोज तीन मिनिटांची एखादी मुलाखत घ्या, ऐकत ऐकत फक्त क्रियापदांचे गट लिहून काढा आणि मग सबटायटल्सशी ताडून बघा.

शंका आली तर पुरावा शोधा. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस हा सुमारे १० कोटी शब्दांचा संग्रह आणि अमेरिकन इंग्रजीचा त्याहून खूप मोठा संग्रह इंटरनेटवर शोधता येतात. ‘डिस्कस अबाऊट’ आणि ‘डिस्कस’ दोन्ही घालून बघा. शिक्षकांचा शब्द आणि पुस्तकातला नियम यांपेक्षा हजारो खरी वाक्यं मनाची खात्री लवकर पटवतात.

पंधरा आठवडे

पहिला आठवडा चार परिच्छेदांचा. दुसरा ते पाचवा काळ आणि ‘मी-मला’. सहावा ते नववा असेल-असता. याला मी मुद्दाम जास्त वेळ देतो. दहावा ते बारावा शेजारी आणि रूपं, तेरावा-चौदावा बाकीचं. ज्या खुणेची तुमच्याकडे गर्दी आहे तिचे आठवडे वाढवा आणि दुसरीकडचे कापा. रोजच्या तासातली वीस मिनिटं वाचन-ऐकण्याला, वीस मिनिटं वहीला, वीस मिनिटं लिहायला. दर रविवारी मराठी वर्तमानपत्रातली पाच वाक्यं निवडा, त्यांत ‘असता’, ‘असावा’, ‘पासून’, ‘होतं’ असायला हवं. त्यांचं इंग्रजी करा आणि जोडीदाराशी वह्या बदला. दोघांची उत्तरं वेगळी आली तर तिथे थांबून भांडा. तो वेळ वाया जात नाही, बहुतेक वेळा दोन वेगळे अर्थ निघतात आणि दोन्ही बरोबर असतात.

पंधराव्या आठवड्यात पहिल्या आठवड्याचे चार परिच्छेद काढा, पण वाचू नका. तेच चार विषय, तेवढ्याच वेळात, पुन्हा शब्दकोशाशिवाय लिहा. मग दोन्ही पानं शेजारी ठेवा, लाल पेन घ्या आणि त्याच पाच खुणा पुन्हा मोजा. जी खूण अजून गर्दी करतेय, तिच्यापासून पुढचं सत्र सुरू करा.